मुलांची सहल : थोड्या पैशांत, मोकळ्या हवेत
(पालक व विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासलेख)

सहल हा शब्द उच्चारला की आपल्याकडे प्रथम बस ठरविण्याची चर्चा सुरू होते. मग माणशी वर्गणी किती, जेवण कोठे, मुक्काम कोठे, असे प्रश्न निघतात. वर्गणीचा आकडा ऐकून काही कुटुंबे "पुढच्या वर्षी बघू" म्हणून मागे सरतात. मुले मात्र पुढच्या वर्षी एका वर्षाने मोठी झालेली असतात. आठ वर्षांच्या मुलाचे कुतूहल बारा वर्षांच्या मुलात तसेच सापडेल याची खात्री कोणी द्यावी?

मुंबईसारख्या शहरात दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलाचा रविवार कसा जातो हे आपण सारे जाणतो. जिन्यात खेळू नको, गाड्या आहेत म्हणून रस्त्यावर जाऊ नको, सोसायटीच्या आवारात चेंडू नेऊ नको, असे सगळीकडून नकार मिळाल्यावर ते मूल मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, मॉलमध्ये चौघांनी नुसता फेरफटका मारून काही खाल्ले तरी रोजंदारीच्या माणसाची दोन दिवसांची कमाई सहज जाते. आणि तेथे मूल शिकते काय, तर जे आपल्याला घेता येणार नाही ते काचेपलीकडून पाहणे. अशा वेळी, याच शहरात लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर जंगल आहे, दोन हजार वर्षांची लेणी आहेत, खाडी आहे आणि समुद्र आहे, ही गोष्ट आपल्या विस्मरणात जावी हे बरोबर नव्हे.

येथे इतिहासातील एका सहलीची आठवण देणे अस्थानी ठरणार नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह स्थलदर्शनाला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहणे हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी उतरली. प्रवासाच्या धुळीने अंगे माखलेली असल्यामुळे काहींनी किल्ल्याच्या दाराजवळील हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून 'पाणी बाटविले' असा गिल्ला झाला, जमाव जमला, आणि अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर, सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. सार्वजनिक स्थळ पाहायला जाणे ही साधी गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना साधी नव्हती, हे मुलांना सांगितले पाहिजे. सहलीला चैन समजणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही ते सांगायला हरकत नाही.

आता खर्चाकडे वळू. सहलीचा खर्च चार ठिकाणी होतो: प्रवास, प्रवेश, पोट आणि हट्ट. पहिल्या तिन्हींचा अंदाज घरी बसून काढता येतो. लोकलमध्ये पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही व पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आहे. बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचवरून दहा रुपये झाले. म्हणून जेथे स्टेशनपासून पंधरा मिनिटे चालून जाता येते अशी ठिकाणे आधी निवडावीत. प्रवेशाच्या बाबतीत एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्थळांवर पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. वयाचा पुरावा म्हणून शाळेचे ओळखपत्र बरोबर असू द्यावे.

पोटाचा खर्च डब्याने सुटतो; पण डबा म्हणजे आईने पहाटे चारला उठणे, हा आपल्याकडील अलिखित नियम मोडावा असे आमचे स्पष्ट मत आहे. जिच्या वाट्याला सहा दिवस काम आहे तिच्या सातव्या दिवशी सगळ्यांची सहल आणि तिचा स्वयंपाक, ही कसली सुट्टी! बटाटे व अंडी आदल्या रात्री उकडून ठेवता येतात. शेंगदाण्याची चटणी आठवडाभर टिकते. भाकरी किंवा चपात्या चार कुटुंबांनी वाटून केल्या तर कोणावरच भार पडत नाही. चुरमुरे, फरसाण, कांदा व लिंबू वेगवेगळे नेऊन जागेवर भेळ केली तर ते काम मुले आनंदाने करतात, आणि वडीलही करू शकतात.

राहिला हट्ट. फुगेवाला, आइस्क्रीमची गाडी, प्लॅस्टिकचा चष्मा. दर दहा पावलांवर "नाही" म्हणत चालल्याने सहलीची चव जाते. त्यापेक्षा निघतानाच प्रत्येक मुलाच्या हातात ठरावीक रक्कम द्यावी, समजा वीस किंवा तीस रुपये. ती त्याची. पहिल्या पाच मिनिटांत उडविली तरी रागवायचे नाही, आणि वर एक रुपयाही द्यायचा नाही. पैशाचा हिशेब शिकविणारा याहून स्वस्त वर्ग आम्हाला माहीत नाही.

एका सहलीचे नियोजन नमुन्यादाखल सविस्तर पाहू, म्हणजे बाकीची आपली आपण करता येतील. आम्ही कान्हेरी घेतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे असून त्याच्या पोटात ही लेणी आहेत. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून पंधरा-वीस मिनिटे चालले की उद्यानाचा मुख्य दरवाजा येतो. तेथून लेणी सुमारे सहा-सात किलोमीटर आत. तेथवर बस जाते. लहान मुले असतील तर बसच घ्यावी, म्हणजे पायांतली ताकद डोंगरासाठी शिल्लक राहते. उद्यानाचे प्रवेशशुल्क वेगळे, आणि लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट वेगळे (प्रौढ भारतीयास २५ रुपये). हे दोन्ही आधीच धरावे; अनेक कुटुंबे पहिल्या दरवाजाशी सगळे पैसे मोजून वर गेल्यावर अडचणीत येतात. सोमवारी उद्यान व लेणी दोन्ही बंद. रविवारी निघायचे तर आदल्या दिवशी रेल्वेच्या मेगाब्लॉकची वेळ पाहून ठेवावी.

उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी सातच्या आसपास घर सोडावे, दहाच्या आत लेण्यांवर असावे, उन्हाच्या वेळी एखाद्या मोठ्या लेण्यात बसावे व पाचच्या आत परत फिरावे. दगडात कोरलेल्या त्या दालनांत भर दुपारीही गारवा असतो, हे मुलांना सांगू नये. त्यांना आत जाऊन स्वतः कळू द्यावे.

लेणी शंभरावर आहेत. सगळी पाहण्याचा अट्टहास करू नये. मुलांबरोबर सात-आठ पुरेत. पहिल्या क्रमांकाचे लेणे अपुरे राहिलेले आहे. पुष्कळ मार्गदर्शक ते ओलांडून पुढे नेतात. आम्ही म्हणतो, तेथेच आधी थांबावे. काम मध्येच थांबलेले दिसते म्हणून तर डोंगर कसा कोरत नेला असेल याचा विचार तेथे करता येतो. येथे दगडावर दगड रचलेला नाही, जे नको ते काढून टाकले आहे, एवढे मुलाच्या ध्यानात आले की पुढची सगळी लेणी तो वेगळ्या नजरेने पाहतो. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. आत चौतीस खांब व टोकाला स्तूप आहे. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंच्या भव्य उभ्या बुद्धमूर्ती नंतरच्या शतकांतल्या असून त्यांची उंची सुमारे बावीस फूट भरते. खांब मोजण्याचे काम सर्वांत लहान मुलाला द्यावे. मोठ्यांनी खांबांच्या माथ्यांवर काय कोरले आहे ते पाहावे. सगळे खांब सारखे का नाहीत, हा प्रश्न त्यांना आपोआप पडेल. अकराव्या लेण्यात जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी बाक आहेत. 'दरबार' असे नाव लोकांनी दिले असले तरी तेथे राजा बसत नव्हता. भिक्खू एकत्र जमत. मुलांना त्या बाकांच्या दोन बाजूंना बसवून पाहावे. जागेचा उपयोग बसल्यावर कळतो.

कान्हेरीचे खरे नवल मात्र आमच्या दृष्टीने पाण्यात आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात, दाराशी एका बाजूला, दगडात खोदलेले टाके आहे. कातळावर पडणारे पावसाचे पाणी बारीक पन्हळी खोदून त्यात उतरविले आहे. चार महिने पाऊस व आठ महिने कोरडे, अशा डोंगरावर शेकडो माणसांनी राहायचे तर दुसरा उपाय नव्हता. मुलांनी एखादी पन्हळ वरपासून टाक्यापर्यंत बोटाने माग काढत न्यावी. टाक्याच्या काठावर मात्र कोणाला वाकू देऊ नये, कारण पुष्कळ टाकी खोल असून त्यांत शेवाळलेले पाणी असते. ज्यांच्या घरी आजही नळाला ठरावीक वेळच पाणी येते त्या मुलांना हा धडा फार लवकर समजतो.

टाक्यांशेजारच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. त्यांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे, आणि गुहेला 'लेण'. सह्याद्रीत भटकणारे लोक आजही पाण्याची पोढी म्हणतात आणि आपण सारे लेणे म्हणतो. हे दान कोणी दिले तेही लेखांत आहे. कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांची नावे आढळतात. व्यापारी आढळतात, सोनार आढळतात, भिक्खुणी आढळतात. म्हणजे हा डोंगर एकट्या राजाने कोरविला नाही, तर लहानमोठ्या कमाईच्या माणसांनी एकेक खोली, एकेक बाक, एकेक टाके असे दान देऊन उभा केला. वर्गणी गोळा करून विहार बांधणाऱ्या आपल्या मंडळांना ही पद्धत परकी वाटू नये.

विद्यार्थी मित्रांनी सहलीपूर्वी ब्राह्मीची पाच अक्षरे शिकून जावीत; अर्ध्या तासाचे काम आहे. अशोकाच्या वळणात 'क' हा अधिक चिन्हासारखा, 'ठ' पूर्ण वर्तुळासारखा, 'थ' वर्तुळात टिंब दिल्यासारखा, 'ग' घराच्या छपरासारखा आणि 'न' आडव्या रेघेवर उभी रेघ ठेवल्यासारखा लिहितात. कान्हेरीचे लेख नंतरचे असल्याने वळण थोडे बदललेले आहे, 'क'ची उभी रेघ खाली लांबलेली दिसेल; तरी शोधल्यास अक्षरे सापडतात. ही लिपी कित्येक शतके कोणालाच वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली तिचा उलगडा केला. जी लिपी वाचायला विद्वानांना एवढा काळ लागला तिचे एक अक्षर आपण ओळखले, यातला अभिमान मुलाला परीक्षेच्या गुणांतून मिळत नाही. भिंतीवर कोळशाने किंवा खडूने नाव लिहिण्याची खोड मात्र जागच्या जागी थांबवावी. दगडाला हातही शक्यतो लावू नये.

काही गोष्टी कडक शब्दांत सांगायला हव्यात. या जंगलात बिबटे आहेत. दिवसा माणसांच्या घोळक्याजवळ ते येत नाहीत, पण लहान मूल एकटे आडवाटेला जाता कामा नये व संध्याकाळ होईपर्यंत रेंगाळू नये. माकडे तर दिवसाढवळ्या पिशवी ओढतात. केळी व चुरचुरणारी प्लॅस्टिकची पिशवी टाळावी, डबा कापडी पिशवीत आत ठेवावा, आणि माकडांना काही देऊ नये. पावसाळ्यात ओढे फुगतात व कातळ निसरडा होतो. तेव्हा मोठ्या विद्यार्थ्यांनी जावे, लहानांना नेऊ नये. मोठ्यांनीही ओढ्यात उतरू नये.

घराजवळचे काही हवे असेल तर अंधेरी पूर्वेची महाकाली अर्थात कोंडिविटे लेणी आहेत. येथे एकोणीस लेणी आहेत. नवव्या लेण्यात दगडातूनच कोरलेली गोल झोपडी आणि तिच्यात स्तूप आहे. दोन तासांत पाहून होते, त्यामुळे दुपारी कामावर जाणाऱ्या पालकांनाही जमते. शीव स्टेशनपासून चालत शीवचा किल्ला गाठता येतो. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ च्या दरम्यान टेकडीवर तो बांधला. त्यांच्या ताब्यातील परळ बेट व पोर्तुगीजांची साष्टी यांची ती सीमा होती. 'मुंबई ही बेटे होती' हे पुस्तकातले वाक्य त्या टेकडीवर उभे राहिल्यावर पटते. तेथून फार दूर नसलेले धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ साली खुले झाले. मिठी नदीकाठच्या त्या जागेवर पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. आता तेथे दाट झाडी, फुलपाखरे व पक्षी आहेत. झोपडपट्टीच्या कडेला वाढणाऱ्या मुलांना ही जागा आम्ही सर्वांत आधी दाखवू. भायखळ्याच्या राणीच्या बागेत आई, वडील व दोन मुले असे एकत्र कौटुंबिक तिकीट मिळते, ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. ही बाग बुधवारी बंद असते. बागेलगतच्या भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले.

समुद्राला तिकीट नाही. दादरला चैत्यभूमीवर अभिवादन करून शेजारच्या माता रमाबाई आंबेडकर स्मृती सज्जावर (२०२२ साली तो खुला झाला) मुलांना संध्याकाळी नेले तर बसभाड्याखेरीज खर्च नाही. पण समुद्राकडे जाताना भरती-ओहोटी पाहायलाच हवी, आणि त्यासाठी कोळी बांधवांचा जुना हिशेब सोपा आहे. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास मुंबईत भरती असते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. अमावास्या-पौर्णिमेला साधारण बाराच्या सुमारास, आणि तेव्हा भरती सर्वांत मोठी. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि दोहोंच्या मध्ये ओहोटी. तासभर मागेपुढे होते, म्हणून हा हिशेब बेत ठरविण्यापुरता वापरावा आणि निघताना वर्तमानपत्रातील किंवा महापालिकेने दिलेली वेळ पाहावी. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठी भरती असेल त्या दिवशी मुलांना किनाऱ्यावर नेऊच नये.

हाच हिशेब शिवडीला उपयोगी पडतो. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मेपर्यंत खाडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पूर्ण ओहोटीला पक्षी दूर सरकतात. मधली वेळ साधावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू शिवडीहूनच निघतो, त्यामुळे परिसराचे रूप पुष्कळ बदलले आहे. तरी एवढ्या यंत्रांच्या गजबजाटाशेजारी गुलाबी पक्षी चिखल गाळून खात उभे आहेत, हे दृश्य मुलांनी पाहण्यासारखे आहे.

संस्थेतर्फे पंचवीस-तीस मुले न्यायची असल्यास सहा ते आठ मुलांमागे एक मोठे माणूस असावे, आणि मुलींच्या गटाबरोबर एक तरी ताई किंवा काकू असाव्यात. स्वच्छतागृह कोठे आहे ते कार्यकर्त्याने आधी एकदा जाऊन पाहून यावे. वयात आलेल्या मुली "मला बरे नाही" म्हणून सहल चुकवितात त्यामागे बहुधा हेच कारण असते. लोकलमध्ये चढताना व उतरल्यावर मुले मोजावीत. प्रत्येकाच्या खिशात नाव व पालकाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून एक बाटली वेगळी ठेवावी. उन्हाने किंवा जुलाबाने थकलेल्या मुलाला ते घोट घोट द्यावे. ज्या घरची वर्गणी आली नाही त्या मुलाचे नाव यादीत इतरांसारखेच लिहावे, पुढे कोणतीही खूण करू नये. मुले यादी वाचतात.

परतल्यावर 'माझी सहल' असा निबंध लिहायला लावू नका. लोकलमध्येच प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: आज जे पाहिले त्यातले काय कळले नाही? उत्तरे वहीत उतरवून घ्या. त्या वहीतून पुढच्या महिन्याचे ठिकाण ठरवता येते, आणि बहुतेक वेळा मुलेच ते ठरवून मोकळी होतात.